माहितीची अमानत आणि अनुमतीचा उंबरठा

पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये ईमानधारकांना एक आदेश दिला आहे. तो वरवर पाहता अगदी साधा वाटतो. दुसऱ्याच्या घरी गेल्यास घरच्यांची अनुमती घ्यावी, त्यांना सलाम करावा आणि मगच आत पाऊल टाकावे. घरात कोणी नसेल तरीही अनुमतीवाचून आत जाऊ नये. आणि परत जाण्यास सांगितले गेले, तर मनात किंतु न ठेवता परत फिरावे, कारण त्यातच अधिक पावित्र्य आहे, असा या आयतींचा आशय आहे (24:27-28). वाचकहो, यातील शेवटच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. घरधन्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे आणि त्या नकाराचे कारण देण्याचे बंधन त्याच्यावर टाकलेले नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) कोणाच्या दारी गेले, तर दाराच्या अगदी समोर उभे राहत नसत. ते उजव्या किंवा डाव्या बाजूस उभे राहून सलाम करीत, कारण त्या काळी घरांच्या दारांना पडदे नसत, असे ह. अब्दुल्लाह बिन बुस्र (रजि.) सांगतात (अबू दाऊद). दार उघडे असले तरी आतले पाहण्याची मुभा मिळत नाही, ही शिकवण त्या एका कृतीत सामावलेली आहे.

आज आपल्या घरांना दारे आहेत, कड्याकुलपे आहेत, खिडक्यांना पडदेही आहेत. परंतु घरातील प्रत्येकाच्या हातात आणखी एक दार आहे आणि ते अहोरात्र उघडे असते. मोबाईलवर नवे अ‍ॅप घेतले की ते विचारते: संपर्कयादी पाहू का? छायाचित्रे पाहू का? आपण कोठे आहात हे जाणून घेऊ का? ही अनुमतीची याचनाच असते आणि आपण ती न वाचता ‘होय’ म्हणून मोकळे होतो. ज्या समाजाला चौदाशे वर्षांपूर्वी अनुमतीची शिस्त शिकवली गेली, त्याने अनुमती देताना इतके बेसावध राहावे, हे शोभणारे नाही. आपल्या माहितीविषयी दीनची शिकवण काय आहे, देशाच्या कायद्याने आपणास कोणते हक्क दिले आहेत आणि आपली स्वतःची जबाबदारी कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अनुमती नजरेसाठी आहे

ह. सहल बिन सअद (रजि.) यांनी कथन केलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एक मनुष्य प्रेषितांच्या (स.) दाराच्या फटीतून आत डोकावत होता. प्रेषितांना (स.) ते कळले तेव्हा त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली आणि अनुमतीचा नियम नजरेमुळेच घालून दिला आहे, हे स्पष्ट केले. त्या मनुष्याने घरात पाऊल टाकले नव्हते. त्याने काही उचलून नेले नव्हते. केवळ त्याची नजर आत गेली होती आणि तेवढेच अपराध ठरण्यास पुरेसे होते.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तीन गोष्टींची मनाई एकाच ओघात आली आहे: वाईट तर्क करणे, हेरगिरी करणे आणि पाठीमागे निंदा करणे. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. माणूस प्रथम दुसऱ्याविषयी मनात संशय धरतो, मग तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी डोकावतो आणि जे दिसले ते चारचौघांत सांगतो. समाजमाध्यमांवरील कितीतरी फितने याच तीन पायऱ्यांनी चढत गेलेले आपण पाहतो.

हा नियम सत्ताधाऱ्यालाही लागू आहे. ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक कथा नीतिग्रंथांत सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून त्यांना संशयास्पद आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले, तेव्हा घरधनी मद्य घेऊन बसलेला दिसला. खलीफांनी जाब विचारताच तो म्हणाला की, माझ्याकडून एक अवज्ञा झाली असेल, परंतु आपल्याकडून तीन झाल्या. अल्लाहने हेरगिरीस मनाई केली आहे, घरात दारातून येण्यास सांगितले आहे आणि अनुमती व सलामावाचून प्रवेश निषिद्ध केला आहे. ह. उमर (रजि.) यांनी त्याचे म्हणणे मान्य केले आणि त्याच्याकडून सुधारण्याचे वचन घेऊन ते परतले. मद्यपानाचे समर्थन या कथेत कोठेही नाही. सत्ता हातात असली म्हणून अनुमतीची गरज संपत नाही, हा तिचा बोध आहे.

‘अनामत’ शब्दातला अर्थ

आपण मराठीत ‘अनामत रक्कम’ म्हणतो. हा शब्द अरबी ‘अमानत’चेच मराठी रूप आहे. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने आपल्याजवळ राहिली की ती अमानत होते आणि ती तिच्या हक्कदारांना पोहोचती करण्याचा आदेश सूरह निसामध्ये (4:58) दिला गेला आहे. मक्केतील लोक प्रेषितांना (स.) ‘अल-अमीन’ म्हणत. विरोध पराकोटीला पोहोचल्यावरही त्यांच्यातील अनेकांच्या ठेवी प्रेषितांजवळच (स.) होत्या. हिजरतच्या रात्री जिवावर बेतलेले असताना त्यांनी ह. अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करता याव्यात म्हणून. ज्यांनी घराबाहेर काढले त्यांच्याही अमानतीला धक्का लागू दिला नाही, हे आपल्या प्रेषितांचे (स.) आचरण आहे.

केवळ वस्तूच नव्हे, तर शब्दही अमानत असतो. कोणी काही सांगितले आणि सांगताना कोणी ऐकत तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिले, तर ते बोलणे अमानत होय, असा हदीसचा आशय आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). ह. अनस (रजि.) बालवयात प्रेषितांची (स.) सेवा करीत. एकदा त्यांना घरी परतण्यास उशीर झाला. आईने कामाविषयी विचारले, तेव्हा ती गुप्त गोष्ट आहे, असे ते म्हणाले. ह. उम्मे सुलैम (रजि.) यांनी आग्रह धरला नाही. उलट प्रेषितांचे (स.) गुपित कोणालाही सांगू नकोस, अशी ताकीद मुलाला दिली (मुस्लिम). मुलाला अमानत शिकवणारी आई कशी असते, हे यातून कळते.

फिकहशास्त्रात ठेवीला ‘वदीअत’ म्हणतात. तिचे नियम विद्यार्थी मदरशात शिकतो. ठेव सांभाळणाऱ्याने ती आपल्या वस्तूप्रमाणे जपावी. मालकाच्या अनुमतीवाचून ती वापरू नये. मालकाने मागताच परत करावी. योग्य काळजी घेऊनही ठेव नष्ट झाली, तर त्याच्यावर भरपाईचा बोजा नाही. परंतु त्याने हलगर्जीपणा केला किंवा अनुमतीवाचून ती वापरली, तर तो जबाबदार ठरतो. हे नियम ध्यानात ठेवावेत. देशाचा नवा कायदा याच वाटेने जाताना आपणास दिसेल.

‘माझ्याजवळ लपवण्यासारखे काही नाही’

अनेक सज्जन माणसे हे वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारतात. परंतु पडदा केवळ पाप झाकण्यासाठी नसतो. आपण घराला दार लावतो ते आत चोरी चालली आहे म्हणून नव्हे. शिवाय आपली माहिती कोणाच्या हाती पडेल आणि तो तिचे काय करील, हे आपल्या हाती नसते. गेल्या काही वर्षांतील उदाहरणे पाहावीत.

‘मुस्लिम प्रो’ हे नमाजच्या वेळा व किब्ल्याची दिशा दाखवणारे अ‍ॅप जगभरात 9 कोटींहून अधिक वेळा घेतले गेले होते. नोव्हेंबर 2020 मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने उघड केले की, या अ‍ॅपमधून वापरकर्त्यांचा ठावठिकाणा ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होता आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. बातमी पसरताच अ‍ॅपच्या चालकांनी त्या कंपनीशी संबंध तोडत असल्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने प्रार्थनास्थळे, दवाखाने अशा संवेदनशील स्थळांशी निगडित माहिती विकण्यास त्या कंपनीला मनाई केली. विचार करावा, फजरची वेळ पाहण्यासाठी उघडलेल्या दारातून कोणाची नजर आत आली होती! त्या वापरकर्त्यांनी लपवण्यासारखे काहीही केले नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे आणि अधिक वेदनादायक आहे. जुलै 2021 मध्ये आणि पुन्हा 1 जानेवारी 2022 रोजी मुस्लिम महिलांची समाजमाध्यमांवरील छायाचित्रे उचलून त्यांचा जणू लिलाव मांडणारी दोन अ‍ॅप ‘गिटहब’ या संकेतस्थळावर चढवली गेली. त्या अ‍ॅपची नावे येथे लिहिण्याच्या योग्यतेची नाहीत. दुसऱ्या वेळी पीडित महिलांनी निर्भयपणे तक्रारी केल्या, मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने गुन्हा नोंदवला आणि काही दिवसांतच अटका झाल्या. या प्रकरणी कोणी त्या भगिनींनाच दोष दिला असेल, तर तो अन्याय होय. दार उघडे दिसले म्हणून आत शिरणारा हाच अपराधी असतो. त्या महिलांनी गप्प न बसता कायद्याचे दार ठोठावले, हे आपल्या मुलींना आवर्जून सांगावे.

तिसरे उदाहरण झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचे. व्याजाचा व्यवहार हराम आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु अडचणीत सापडलेला माणूस तेथे जातो आणि कर्जासोबत आपली संपर्कयादीही गहाण टाकतो. हप्ता चुकला की त्याची बहीण, मेहुणा, शेजारी, दुकानमालक या सर्वांना धमक्यांचे फोन जातात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मधील मार्गदर्शक तत्त्वांत अशा अ‍ॅपना संपर्कयादी, फोनच्या नोंदी आणि फायली पाहण्यास मनाई केली आहे. तरीही बेकायदा अ‍ॅप हा नियम पाळत नाहीत.

येथे मूळ मुद्दा येतो. आपली संपर्कयादी आपली नाही. तिच्यातील प्रत्येक क्रमांक कोणीतरी विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेला आहे. विधवा काकूचा, मोहल्ल्यातील तरुणीचा, मुलांच्या शिक्षिकेचा. आपण एका बोटाने ‘होय’ म्हणतो, तेव्हा शेकडो माणसांची अमानत अनोळखी हातांत जाते आणि त्यांपैकी एकालाही आपण विचारलेले नसते. म्हणून स्वतःच्या माहितीविषयी बेफिकीर असणारा मनुष्य केवळ स्वतःचे नुकसान करीत नाही. तो हक्कुल इबादच्या, म्हणजे माणसांच्या हक्कांच्या प्रश्नात सापडतो आणि माणसांचे हक्क माणसांनी माफ करावे लागतात.

देशाच्या कायद्याने दिलेले हक्क

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यानंतर, 2012 मध्ये, आधार योजनेला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल केली. त्या खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा अविभाज्य भाग आहे. शासनाला या हक्कावर मर्यादा घालावयाची असेल, तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा, ही कसोटीही न्यायालयाने सांगितली.

पुढे 26 सप्टेंबर 2018 रोजी आधारविषयक निकाल आला. शासकीय अनुदाने व लाभांसाठी, तसेच पॅन व प्राप्तिकर विवरणपत्रासाठी आधार वैध ठरले. परंतु बँक खाते आणि मोबाईल सिम आधारशी जोडण्याची सक्ती रद्द झाली आणि शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, हेही स्पष्ट झाले.

यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 हा कायदा संमत झाला. 11 ऑगस्ट 2023 रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील बहुतेक बंधने आणि नागरिकांचे हक्क नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून, लागू होण्याची तरतूद आहे. हा कायदा माहिती गोळा करणाऱ्याला ‘डेटा फिड्युशियरी’ म्हणतो. या शब्दाचा अर्थ विश्वस्त, म्हणजेच आपल्या भाषेत अमानतदार. कायद्यातील मुख्य तरतुदी अशा आहेत:

संमती मोकळ्या मनाने, विशिष्ट कारणासाठी, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असली पाहिजे. कोणती माहिती कशासाठी हवी, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय असला पाहिजे. म्हणजे मराठीतही आणि उर्दूतही.

सेवेसाठी जेवढी माहिती आवश्यक आहे, तेवढ्यापुरतीच संमती ग्राह्य धरली जाते. कायद्यातच याचे उदाहरण दिले आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने ‘होय’ म्हटले, तरी उपचारासाठी संपर्कयादीची गरज नसल्यामुळे ती संमती तेथपर्यंत पोहोचत नाही.

दिलेली संमती मागे घेता येते आणि ती देणे जितके सोपे होते, तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. आपली कोणती माहिती कंपनीजवळ आहे आणि ती कोणाला दिली गेली, हे विचारण्याचा, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि गरज संपल्यावर ती पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क आहे.

आपल्या मृत्यूनंतर किंवा असमर्थतेत हे हक्क कोणी बजावावेत, यासाठी एका व्यक्तीला नामनिर्देशित करता येते. ज्याच्याजवळ वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून ठेवण्यास विलंब करू नये, या हदीसची येथे आठवण व्हावी.

अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी आई-वडिलांची पडताळणी करता येण्याजोगी संमती आवश्यक आहे. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवण्यास मनाई आहे.

माहिती फुटल्यास कंपनीने ती ज्यांची आहे त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवले पाहिजे. सुरक्षिततेत कसूर केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार प्रथम कंपनीकडे करावी आणि तेथे दाद न मिळाल्यास मंडळाकडे जावे.

या कायद्याच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र शासन आपल्या यंत्रणांना यातून सूट देऊ शकते. आपण स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीला हे संरक्षण नाही. आणि दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, ती पीडिताच्या हाती येत नाही. म्हणून नुकसान झाल्यावर दाद मागण्यापेक्षा आधीच दार सांभाळणे शहाणपणाचे. हा कायदा नागरिकालाही कर्तव्य सांगतो. दुसऱ्याचे सोंग घेऊ नये आणि खोटी तक्रार करू नये, अन्यथा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सचोटी दोन्ही बाजूंनी असावी, हे आपल्या दीनलाही मान्य आहे.

याखेरीज काही गुन्ह्यांना आजच शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरून वापरणे हा गुन्हा आहे आणि कलम 66 ई नुसार कोणाच्या खासगी अंगाचे चित्र संमतीवाचून टिपणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये एक महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे. स्त्रीने असे खासगी चित्र काढू देण्यास संमती दिली असली, तरी ते इतरांना पाठवण्यास संमती नसेल, तर ते पाठवणे गुन्हा ठरतो. कलम 78 नुसार स्त्रीच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणेही गुन्हा आहे.

आपल्या संस्था अमानतदार आहेत का?

बड्या कंपन्यांना जाब विचारताना आपल्या मस्जिद समित्या, मदरसे, जमाती आणि जकात निधी यांच्याकडेही पाहिले पाहिजे. रमजानमध्ये शिधावाटप होते. घेणाऱ्या भगिनीचे छायाचित्र काढले जाते आणि ते जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात फिरते. शिष्यवृत्तीसाठी आलेल्या अर्जांची यादी नाव, उत्पन्न आणि मोबाईल क्रमांकासह जशीच्या तशी पुढे पाठवली जाते. मदतीचा दान देणाऱ्यांना हिशेब द्यावा, हे खरेच, परंतु हिशेब आकड्यांनी देता येतो, गरिबाच्या चेहऱ्याने नव्हे. गुप्तपणे दिलेले दान अधिक उत्तम आहे आणि उपकार जाणवून देऊन, दुखवून दान वाया घालवू नये, हे सूरह बकरामध्ये स्पष्ट केले आहे (2:264, 271). मुलांच्या शिक्षणासाठी हात पसरलेल्या पित्याची लाज झाकणे हाही जकातचाच एक भाग समजावा.

विवाहासाठी आलेली मुलींची माहितीपत्रके हीदेखील मोठी अमानत आहे. छायाचित्र, जन्मतारीख, पत्ता व वडिलांचा क्रमांक असलेला कागद ‘एखादे स्थळ सुचवा’ म्हणून दहा समूहांत टाकणे योग्य नव्हे. ज्याच्यासाठी माहिती दिली गेली, त्यालाच ती दाखवावी. बोलणी मोडल्यास ती पुसून टाकावी आणि तसे समोरच्या कुटुंबाला कळवावे. उमरा व हजसाठी पारपत्रांच्या प्रती गोळा करणाऱ्या संयोजकांनीही हेच करावे. संगणकात किंवा मोबाईलवर अशी माहिती जमवणारी संस्था नव्या कायद्याच्या दृष्टीने विश्वस्तच ठरते, हे विश्वस्त मंडळांनी विसरू नये.

घराच्या आत

सूरह नूरमध्ये मुलांनाही दिवसातील तीन वेळा अनुमती घेऊनच आई-वडिलांच्या खोलीत येण्यास शिकवावे, असे सांगितले आहे. फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर. ती वयात आली की त्यांनी नेहमीच अनुमती घ्यावी (24:58-59). म्हणजे अनुमतीचे शिक्षण घरातच सुरू होते. पती-पत्नींनी एकमेकांच्या मोबाईलमध्ये चोरून डोकावणे हे तजस्सुसच होय आणि जोडीदाराची खासगी बाब बाहेर सांगणाऱ्याविषयी हदीसमध्ये फार कडक शब्द आले आहेत (मुस्लिम).

लहान मुलांचे प्रकरण वेगळे. त्यांची देखरेख करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, कारण तेही अमानतच आहेत. परंतु देखरेख उघडपणे करावी. ‘बेटा, तुझा मोबाईल आपण दोघे मिळून पाहू’ असे म्हणणारा पिता मुलाला शिस्त शिकवतो. मुलगा झोपल्यावर तो गुपचूप उघडणारा पिता त्याला लपवाछपवी शिकवतो. आणि ज्या बाळाला अजून बोलताही येत नाही, त्याचे नाव, जन्मतारीख, दवाखाना आणि चेहरा समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी हेही आठवावे की, त्याची अनुमती घेतलेली नाही.

आजपासून काय करता येईल?

1. मोबाईलमधील प्रत्येक अ‍ॅपला कोणत्या परवानग्या दिल्या आहेत, ते सेटिंग्जमध्ये जाऊन पाहावे आणि अनावश्यक परवानग्या काढून टाकाव्यात. नमाजच्या वेळा पाहण्यासाठी ठावठिकाणा देण्याऐवजी अनेक अ‍ॅपमध्ये शहराचे नाव निवडता येते. मस्जिदीतील वेळापत्रक तर आहेच.

2. आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी जेथे चालेल तेथे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात केवळ शेवटचे चार अंक दिसतात. बोटांचे ठसे आधारच्या अ‍ॅपमधून किंवा संकेतस्थळावरून कुलूपबंद करता येतात. आधारची मदतवाहिनी 1947 आहे.

3. कागदपत्राच्या प्रतीवर ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेला दिली, ते लिहून सही करावी. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात काम झाले की आपल्यासमोर फाईल पुसून घ्यावी.

4. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. अनोळखी क्रमांक दिसल्यास तेथेच कळवावे. हरवलेला मोबाईलही तेथून बंद करता येतो.

5. व्हॉट्सअ‍ॅप व ईमेलला दुहेरी पडताळणी लावावी. ओटीपी कोणालाही सांगू नये, मग समोरचा स्वतःला बँकेचा म्हणवो वा पोलिसांचा. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. घरातील वडीलधाऱ्यांना हे वारंवार सांगावे.

6. पैसे गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता 1930 वर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता अधिक.

7. मुलीच्या किंवा बहिणीच्या छायाचित्राचा गैरवापर झाल्यास प्रथम तिला धीर द्यावा. पुरावा म्हणून पडद्याचे चित्र व दुवा जपून ठेवावा, संबंधित संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवावे आणि पोलिसांत जावे. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने गप्प बसल्यास गुन्हेगाराचेच फावते.

वाचकहो, जो एखाद्या मुस्लिमाचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह झाकतो, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (मुस्लिम). आपल्या हाती दररोज कोणाचे ना कोणाचे छायाचित्र येते, क्रमांक येतो, आजारपण येते, कर्जाची अडचण येते. ते पुढे पाठवण्यास एक क्षण पुरतो. त्या क्षणी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे ज्याचे आहे, त्याची अनुमती माझ्याजवळ आहे काय? नसेल, तर बोट मागे घ्यावे. आपल्या दाराशी कोणी अनुमती मागत उभा असेल, तर त्याला ‘नाही’ म्हणण्यास संकोचू नये. तो हक्क अल्लाहने दिला आहे आणि देशाची राज्यघटनाही त्याचे संरक्षण करते.

हे अल्लाह, आम्हास अमानतदारांपैकी कर, आमची नजर, जीभ आणि हात दुसऱ्याच्या खासगी जीवनापासून सुरक्षित ठेव आणि आमच्या घरांवरील तुझे आच्छादन कायम राख. आमीन.